भाताच्या झडीचा आकडा पाकिटावर छापा : पैदासकारांना आणि कृषी खात्याला खुलं पत्र

भाताचे नवे वाण काढणाऱ्या कृषी विद्यापीठांतल्या पैदासकारांना, वाणांची शिफारस ठरवणाऱ्या समितीतल्या मंडळींना आणि कृषी खात्यातल्या साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातली. ज्युनियर कॉलेजात बायो शिकवते, घरची भातशेती आहे, ती दीर आणि मी मिळून बघतो. पत्राचं कारण एकच, आणि ते आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. भाताच्या बियाण्याच्या पाकिटावर आणि वाणाच्या माहितीपत्रकात दाणे किती झडतात त्याचा आकडा छापा. बस.

आता पाकिटावर काय असतं? उगवणशक्ती किमान ८० टक्के, शुद्धता ९८ टक्के, ओलावा १३ टक्क्यांच्या आत. माहितीपत्रकात वाण हळवा (लवकर पिकणारा) की निमगरवा की गरवा (उशिरा पिकणारा), किती दिवसांचा, उंची किती, दाणा बारीक की जाड, करपा येतो का, तुडतुडे सहन करतो का आणि हेक्टरी उत्पन्न किती क्विंटल. हे सगळं उपयोगाचंच आहे, मी नावं ठेवत नाहीये. पण तो जो हेक्टरी क्विंटलचा आकडा आहे ना, तो दाणे लोंबीवरून घरात पोचले तर. खाचरात पडलेलं भात चिमण्या नि उंदीर खातात, त्याची पावती कुणी देत नाही.

झडीबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: वेळेवर कापणी करा. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापा, ओलावा २०-२२ टक्क्यांवर असताना कापा, आठ-दहा दिवस आधी पाणी काढून टाका, वैभव विळ्याने जमिनीलगत कापा. सगळं बरोबर आहे हो, आणि ज्याला जमतं तो करतोच. पण आमच्याकडं ऑक्टोबर म्हणजे सकाळी कडकडीत ऊन आणि चार वाजता गडगडाट, मजूर सगळ्यांना एकाच आठवड्यात हवे असतात, कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणी एकदम करणारं मशिन, आलं तरी ते आधी रस्त्याच्या कडेच्या मोठ्या खाचरांत जाणार आणि आमची बांधाबांधाची तुकडे-तुकडे जमीन शेवटी. मग कापणी आठ दिवस लांबते. दाणा भिजतो, वाळतो, परत भिजतो, परत वाळतो, आणि या ओल्या-सुक्याच्या खेळातच तो देठावरून सुटायला तयार होतो. आणि गंमत बघा, शेजारी-शेजारी दोन खाचरं, एकच पाऊस, एकच विळा, कापणारे हातही तेच, तरी एका वाणाचे भारे उचलले की खाली सडा पडतो आणि दुसऱ्याचा दाणा पाय धरून बसलेला असतो. ह्यात शेतकऱ्याचा आळस कुठून आला? हा वाणाचा गुण आहे. आईबापाकडून आलेला, मोजता येणारा गुण.

तुम्हाला हे माहीत आहे, माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत आहे. पण पत्र खुलं आहे, वाचणारे बाकीचेही असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आणि खरं सांगायचं तर हा विषय मला फार आवडतो.

भाताचा दाणा लोंबीच्या बारीक देठावर बसलेला असतो. दाणा आणि देठ ह्यांच्या मधे पेशींचा एक पातळ थर असतो, एक-दोन पेशींचाच. आजूबाजूच्या पेशींच्या भिंती जाड, लाकडासारख्या टणक होतात, ह्या थरातल्या मात्र छोट्या आणि पातळ भिंतींच्याच राहतात. पावतीपुस्तकात पावती फाडायला बारीक भोकांची रेघ असते ना, तसं समजा. दाणा पिकत आला की पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन आणि भिंतींतलं सेल्युलोज विरघळवणारी एन्झाइम्स तिथं कामाला लागतात, थर सुटा होतो, मग वारा पुरतो, पक्षी बसला तरी पुरतं. म्हणजे झडणं हा बिघाड नाही. झाडानं आधीपासून तयारी करून, जागा आखून केलेलं काम आहे ते, फुलोरा येण्याच्या आधीपासूनच त्या थराची मांडणी सुरू झालेली असते. आणि रानातल्या भाताला ते करावंच लागतं, कारण त्याला पेरायला कोण येणार? दाणा पिकला की पडला पाहिजे, तोही सगळा एकदम नाही, आज चार उद्या सहा असा, म्हणजे पाखरांनी एका दिवसात फडशा पाडायला नको.

मग माणूस आला. पिकलेले दाणे पडून गेले, जे लोंबीवर राहिले तेच कापून घरी आले, आणि पुढच्या वर्षी पेरले गेले तेही त्यातलेच. कुणी मुद्दाम निवड केली असं नाही, नुसतं कापून आणण्यातच निवड झाली. पण त्यालाही अट आहे. टोपली घेऊन लोंब्या हलवून दाणे गोळा केले तर उलट सहज झडणारे दाणेच टोपलीत येतात, म्हणजे निवड झाली तर उलट्या बाजूनं. मला हा भाग वर्गात शिकवायला सगळ्यात मजा येते, कारण पोरांना वाटतं शेती सुरू झाली म्हणजे एका माणसानं एक दिवस ठरवलं आणि झालं. तसं अजिबात नाही. चीनमधे यांगत्सी नदीच्या खालच्या खोऱ्यात तियानलुओशान नावाची जागा आहे, तिथं चिखलात जपून राहिलेले भाताच्या दाण्यांचे हजारो बुडखे संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. आपोआप झडलेल्या दाण्याच्या बुडाला गुळगुळीत खूण असते आणि झोडून तोडलेल्याच्या बुडाला ओबडधोबड, देठाचा तुकडा लागलेली. तर साधारण ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वी, म्हणजे तीनशे वर्षांत, न झडणाऱ्या दाण्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलं. तीनशे वर्षांत बारा टक्के! दहा-बारा पिढ्या खपल्या त्यात, आणि त्यातल्या कुणाला फरक पडतोय हे कळलंही नसणार.

आता जीनची गोष्ट. २००६ साली दोन वेगवेगळ्या गटांनी भातातले झडीचे दोन मोठे जीन शोधून काढले, दोन्ही एकाच वर्षी. एक एसएच४, चौथ्या गुणसूत्रावरचा, तो सापडला अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत, लागवडीचं इंडिका भात आणि रानटी ओरायझा निवारा ह्यांच्या संकरातून. त्यात फरक किती, तर डीएनएमधलं एक अक्षर, जी च्या जागी टी, आणि त्यामुळं प्रथिनात एका ठिकाणी लायसिनऐवजी अ‍ॅस्परॅजिन. एवढ्यानं तो थर अर्धवट बनतो, मधल्या शिरेजवळ तुटक राहतो आणि दाणा टिकतो. दुसरा क्यूएसएच१, पहिल्या गुणसूत्रावरचा, तो जपानी गटानं निप्पोनबारे आणि कसालथ ह्या दोन भातांच्या संकरातून काढला. इथंही एकच अक्षर, पण ते जीनच्या आतही नाही, बारा हजार अक्षरं अलीकडं, जीन कुठं चालू करायचा ते ठरवणाऱ्या भागात. ते बदललं की हा जीन नेमका त्या थराच्या जागीच चालू होत नाही, मग थरच बनत नाही.

ह्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की एसएच४ चा बदल जवळजवळ सगळ्या लागवडीच्या भातांत आहे, पण क्यूएसएच१ चा बदल मुख्यतः जपान-कोरियाकडच्या थंड हवेतल्या जॅपोनिका भातांत. आपली भातं बहुतेक इंडिका. म्हणून जॅपोनिकाचा दाणा लोंबीला घट्ट आणि आपला त्यामानानं सैल. आणि इंडिका-इंडिकातही सगळे सारखे नाहीत, कारण हे दोनच जीन नाहीत, एसएचएटी१ आहे, एसएच५ आहे, ओएसएसएच१ आहे, सीपीएल१ आहे, प्रत्येकाचा थोडा-थोडा हात. २०२२ मधे जपानी आणि ब्रिटिश संशोधकांच्या गटानं तर दाखवलं की रानटी भातात एकटा एसएच४ चा बदल घातला तर फारसं काही होतच नाही, पसरलेली लोंबी मिटलेली झाली आणि आणखी एका जीनची साथ मिळाली तेव्हा कुठं दाणा टिकून राहायला लागतो. म्हणजे वाणागणिक झड वेगळी असणार हे तर उघड झालं. मग वाणागणिक सांगायला काय हरकत आहे?

बाकी धान्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते न सांगता पुढं जाववत नाही. गहू नि बार्लीत दाण्याच्या बुडाशी नाही तर ओंबीचा मधला दांडाच तुकड्या-तुकड्यानं मोडतो. बार्लीत बीटीआर१ आणि बीटीआर२ असे दोन शेजारी-शेजारी जीन आहेत, त्यातला कुठलाही एक बिघडला की दांडा मोडत नाही, आणि पश्चिम आशियात हे दोन वेगळ्या ठिकाणी दोनदा झालं, एकीकडं एका जीनमधलं एक अक्षर गळलं, दुसरीकडं दुसऱ्यातली अकरा. आपला खपली गहू त्याच जुन्या घराण्यातला, त्याची ओंबी रानटी गव्हासारखी उभ्या-उभ्या तुटून पडत नाही, पण मळल्यावर टरफलासकट तुकडे होतात आणि दाणा काढायला वेगळं कांडावं लागतं, सुटा दाणा द्यायला गव्हात क्यू नावाचा वेगळा जीन बदलावा लागला. ज्वारीत एसएच१, तोही एकदा नाही तर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी मोडलेला सापडला २०१२ मधे, एकात चक्क २२०० अक्षरांचा तुकडाच गायब. राळ्यात एका उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यानं लेस१ नावाच्या जीनमधे घुसून त्याला बंद पाडलं. जगात जिथं-जिथं माणसानं गवताचं धान्य केलं तिथं-तिथं बहुतेक हाच गुण बदलला, आणि आपल्या माहितीपत्रकात नेमकं त्याचंच नाव नाही. आहे की नाही कमाल!

आता एक गैरसमज होऊ देऊ नका. मी असं म्हणत नाहीये की अजिबात न झडणारं भात द्या. ज्याच्याकडं अजून फळीवर पेंढ्या झोडूनच मळणी होते त्याला दाणा फार घट्ट असला तर खांदे जातात, तीन फटक्यांत सुटणारं भात सात-आठ फटके मागतं, तरी पेंढ्यात दाणे राहतातच आणि ते गुरांच्या पोटात जातात. आमच्या गावात म्हाताऱ्या बायका अमुक भात झोडायला हलकं, तमुक जड असं अजूनही बोलतात, आणि त्यांचं वर्गीकरण तुमच्या कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त कामाचं आहे. उलट ज्याला कम्बाइन मिळणार आहे त्याला जरा घट्ट दाणा परवडतो, मशिन काढतंच, त्याला भीती उभ्या पिकात गळण्याची आणि मशिनच्या पुढच्या कापणाऱ्या पात्याचा, कटरबारचा, धक्का लागून पडण्याची. आणि जो कापून दोन-तीन दिवस खाचरातच वाळत टाकतो, मग भारे बांधून डोक्यावरून खळ्यावर नेतो, त्याची गळती तिसरीच, ती उचलताना आणि नेताना होते. म्हणून मला चांगला-वाईट असा शिक्का नकोच आहे. आकडा द्या, कुणाला काय परवडतं ते ज्याचं तो ठरवेल.

आकडा कसा काढायचा हा प्रश्नच नाही, तो तुमच्याकडं तयार आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची मोजपट्टी जगभरचे भात पैदासकार वापरतात. पिकलेली लोंबी मुठीत घट्ट धरायची, ओढायची आणि किती टक्के दाणे हातात आले ते बघायचं. एक टक्क्यापेक्षा कमी तर १, एक ते पाच टक्के तर ३, सहा ते पंचवीस तर ५, सव्वीस ते पन्नास तर ७ आणि पन्नासच्या वर तर ९. संपलं. कसलं यंत्र नको, केमिकल नको, लॅब नको. ज्याला जास्त बारकाई हवी त्याच्यासाठी एकेक दाणा ओढून किती ग्रॅम जोर लागला ते मोजायचे गेजही मिळतात. आता हे खरं की मुठीतले टक्के म्हणजे शेतातलं नुकसान नव्हे, मूठ जोरानं ओढते, वारा तेवढा ओढत नाही. पण दोन वाणांची तुलना करायला ते पुरेसं आहे, आणि आम्हाला तुलनाच हवी आहे.

फक्त माझी एक जादा मागणी आहे, तिच्यासाठी थोडं काम पडेल. हे माप एकदा नीट पिकल्याच्या दिवशी घ्या आणि परत एकदा दहा दिवस उशिरानं, खाचरातच उभं ठेवून, मधे पाऊस झाला तर फारच उत्तम. कारण तुमच्या प्रक्षेत्रावर कापणी वेळेवर होते. तुमच्याकडं माणसं आहेत, ताडपत्री आहे, गोडाऊन आहे. आमच्याकडं उशीर ही सवय नाही, परिस्थिती आहे. दोन वाण पहिल्या दिवशी दोघंही ३ वर असतील आणि दहा दिवसांनी एक ३ वरच नि दुसरा ७ वर गेलेला असेल, तर आमच्यासाठी ते दोन अगदी वेगळे वाण आहेत, पत्रकात त्यांचं उत्पन्न हेक्टरी सारखंच का असेना. साधा हिशोब करा, हेक्टरी ४० क्विंटलचं पीक धरलं आणि दहा टक्के जमिनीवर गेलं तर चार क्विंटल गेले. तेवढ्याच उत्पन्नवाढीसाठी तुम्ही किती वर्षं घालता ते मला सांगायला नको.

आणि मला नाही वाटत की तुमच्या वह्यांत हे नसेल. कारण रानटी भाताशी संकर केला की झड आधी येऊन बसते, झडण्याचा गुण वरचढ असतो, ती काढून टाकल्याशिवाय पुढं सरकताच येत नाही. १९७० च्या सुमारास फिलिपिन्समधे ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूरोगानं भात खाल्लं होतं, तेव्हा सहा हजारांहून जास्त नमुने तपासून शेवटी रोगाला दाद न देणारा सापडला तो उत्तर प्रदेशातून नेलेला ओरायझा निवाराचा, म्हणजे आपल्याच तळ्याकाठचं रानभात. त्यातून तो एक जीन उचलायचा आणि त्याचं झडणं, लोळणं, कुसळं सगळं मागं ठेवायचं म्हणून परत-परत लागवडीच्या भाताशी संकर करावे लागले. म्हणजे पैदासकार झड बघतोच, निवडीच्या प्रत्येक पिढीत बघतो. फक्त ते बघितलेलं आमच्यापर्यंत येत नाही, मधेच कुठंतरी, बहुतेक पत्रकाची जागा संपल्यामुळं, गळून जातं.

तणभाताचं पण एक सांगायचंय. मजूर मिळत नाहीत म्हणून लावणीऐवजी पेरीव भात वाढतंय, खातंच त्याचा प्रचार करतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण पेरीव भातात तणभात शिरलं की ओळखू येत नाही, लावणीत निदान ओळीबाहेरचं रोप दिसतं. हे तणभात दिसायला भातच, पण कापणीच्या आधी सगळं झडून मोकळं होतं आणि जमिनीत पुढच्या वर्षांची बेगमी करून ठेवतं. अमेरिकेतल्या तणभातावर अभ्यास झाला तेव्हा कळलं की त्यांच्यात एसएच४ चा बदल लागवडीच्या भातासारखाच आहे, तरी ती झडतात. म्हणजे ती लागवडीच्या भातापासूनच निघालेली, माणसाळलेली, आणि दुसऱ्याच कुठल्यातरी जीनच्या वाटेनं परत झडायला शिकलेली. एवढ्या हजारो वर्षांची मेहनत आणि ते सोडून मोकळं! ह्याचा अर्थ प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटमधे कापणीआधीची फेरी नुसती उंची नि दाण्याचा रंग बघून करू नका, दहा-वीस ठिकाणी लोंबी ओढूनही बघा. आणि ज्या भागात पेरीव भाताची शिफारस करता तिथं तणभात कसं ओळखायचं ह्याचे फोटो आधी वाटा, मागून नको.

कुणीतरी म्हणेल की आता जीन एडिटिंग, म्हणजे जीनमधली अक्षरं मुद्दाम बदलायचं तंत्र, आलंय, थांबा दोन-चार वर्षं, झड नसलेलं भातच देतो. देता येईलही. मे २०२५ मधे देशात जीन एडिटिंग केलेले दोन भात जाहीर झाले, ते झडीसाठी नव्हते, पण तंत्र हाताशी आहे हे तर दिसलं. २०२१ मधे चिनी गटानं एका दक्षिण अमेरिकन रानटी भातात क्यूएसएच१ मधे बदल करून त्याची झड कमी करून दाखवलीच आहे. माझा विरोध नाही, उलट मला उत्सुकता आहे. पण एडिट करून किती घट्ट करायचं हे कुणाला विचारून ठरवणार? झोडणाऱ्याला की कम्बाइनवाल्याला? ते ठरवायला आधी आजच्या वाणांचे आकडे आणि कुठला शेतकरी कुठल्या आकड्यावर खूश आहे ही माहिती लागेलच ना.

तेव्हा एवढं करा. येत्या खरिपाच्या माहितीपत्रकात करपा, तुडतुडे ह्यांच्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: दाणे झडणे, पिकल्यावर अमुक, दहा दिवसांनी तमुक. जुने वाण जे लोक वर्षानुवर्षं लावतायत त्यांचेही आकडे काढा, फक्त नव्यांचे नको. पाकिटावर जागा नसेल तर क्यूआर कोड टाका, आमच्याकडं रेंज असते कधी-कधी. आणि शिवारफेरीला आम्हाला बोलावता तेव्हा पाटी दाखवून पुढं नेऊ नका, लोंबी हातात द्या, ओढून बघू द्या.

उशिरा कापणीच्या चाचणीला जागा हवी असेल तर आमचं ओढ्याच्या कडेचं एक खाचर देते. लहान आहे, पण ऑक्टोबरात तिथं पाऊस नक्की पडतो. बियाणं तुमचं, लावणी-कापणी आमची. फक्त कापणीच्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी स्वतः या, आणि दुपारच्या आत या.

आपली,
रायगड जिल्ह्यातली एक भात लावणारी